नारळ फोडलेला दगड

भिकुबाई आणि कौतिक हे नवरा-बायको अकरा महिने एकमेकांशी बोलत नव्हते, पण संसार काही अडला नव्हता. मध्ये बैल होता. "सोन्या, भाकर वाढली म्हना त्यायले," असं भिकुबाई गोठ्याकडे तोंड करून म्हणायची आणि ओसरीवरचा कौतिक हात धुवायला उठायचा. त्याला धुळ्याला जायचं असलं की तोही सोन्याच्याच मानेवर हात ठेवून सांगायचा, की बुवा उद्या सकाळच्या एस्टीनं जाणं आहे, सदरा धुतलेला असला तर बरं. सोन्या ऐकून घ्यायचा. गावातल्या बायका म्हणत की केळीवाल्यांचा बैल एक दिवस वैतागून कोर्टात साक्ष देईल.

केळीवाले म्हणजे हेच दोघं. मूळची यावलकडची, केळीच्या मुलखातली माणसं. तिकडची जमीन म्हणजे लोण्याचा गोळा, शंभर फूट खणत जा, काळी माती, पिवळी माती, वाळू, परत माती, दगड म्हणून औषधाला सापडायचा नाही. पाटा-वरवंटा लागला तर तोसुद्धा बाजारातून डोक्यावर आणायचा. वाटण्या झाल्या तेव्हा कुणीतरी कौतिकच्या डोक्यात भरवलं, की इथल्या एका बिघ्यात धुळ्याकडे आठ बिघे येतात. आले. साक्रीच्या रस्त्यावर बोरदरा नावाच्या गावात आठ बिघे आले, आणि त्यातले निम्मे दगड होते हे मोजणीच्या कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. केळीचं एक पान त्या रानात कधी हललं नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

पहिल्याच वर्षी त्यांनी विहीर काढायला घेतली. खणायला उखर्डू होता, साठीचा, काळा, काडीसारखा, जन्म सगळा विहिरीत गेलेला माणूस. तीन महिने तो पहार मारायचा, कौतिक टोपल्या भरायचा आणि भिकुबाई त्या डोक्यावरून वर आणायची. तिच्या टाळूवर रुपयाएवढी जागा केसांवाचून झाली होती. पंचवीस फुटांवर पूर्वेच्या अंगाला दगड लागला. काळा, गुळगुळीत, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. भिकुबाईला तर आनंदानं रडूच फुटलं. यावलकडे विहिरीत दगड लागणं इतकं नवलाचं, की लागलाच तर तो देव. त्याला शेंदूर लावायचा, त्याच्यावर नारळ फोडायचा, आणि एकदा नारळ फुटला की त्या दगडाला लोखंड लावायचं नाही. विहीर त्याच्या पाठीवर उभी करायची.

उखर्डूनं मात्र पहारीनं दगडावर इथं-तिथं ठोकलं, कान लावला, आणि मान हलवली. आठ दिवस आणखी द्या, म्हणाला. बाजूनं उकरत खाली जाऊ, ह्याला बूड आहे का ते बघू.

"हाऊ खडक नही शे, माय," तो म्हणाला. "हाऊ नुसता धोंडा शे. खाले मुरूम शे."

भिकुबाईला ते काही उमगलं नाही. तेव्हा उखर्डूनं कनवटीचा खडीसाखरेचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला आणि चघळायला सांगितला. थोड्या वेळानं बाहेर काढून बघ म्हणाला. चौकोनी खडा गोल झाला होता. पाणी पहिल्यांदा कोपरे खातं, तो म्हणाला. जमिनीतल्या दगडाला भेगा असतात, भेगेतून पाणी उतरतं, चारी बाजूंनी चाटत राहतं. बाहेरचं कुजून त्याचा मुरूम होतो आणि आत उरतो तो गोल धोंडा, मुरमात रुतून बसलेला. वरून बघणाऱ्याला वाटतं, जमिनीचा तळ लागला.

"लाकूड सडस तसा दगड भी सडस. त्याले फक्त घाई नही."

कौतिकनं बायकोकडे बघितलं. तो ते आठ दिवस द्यायला निम्मा तयार होता, हे तिला त्याच्या तोंडावर दिसलं. आणि तिला आठ दिवसांच्या टोपल्या दिसल्या. उखर्डू भाकर खायला बोरीखाली गेला आणि परत येईपर्यंत तिनं शेंदूर फासून, उदबत्ती लावून, दगडावर नारळ फोडून खोबऱ्याचे तुकडे करून ठेवले होते. म्हाताऱ्यानं प्रसाद घेतला. पहार खांद्यावर टाकली.

"आते तो देव व्हयी गया," तो म्हणाला. "देवले उलटा करीसन कोन देखी?"

विहिरीची बांधणी त्या दगडाच्या पाठीवरून उभी राहिली. पुढं दगडाच्या बाजूनं, जरा आत सरकून, आणखी बारा फूट खणलं आणि पाणी लागलं. चार वर्षं कांदा झाला, भुईमूग झाला, एकुलत्या लेकीचं, सुनंदाचं लग्न झालं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भिकुबाई विहिरीच्या पायऱ्या उतरून देवाला नवा शेंदूर लावायची. दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की गाळ काढायचा, पिवळट, भरड, मुठीत धरला तर चुरचुरणारा. रानात पसरला की पीक चांगलं यायचं. बांधलेल्या विहिरीत इतका गाळ येतो कुठून, असं तिनं एकदा विचारलंही होतं. वरून वाहून येतो, कौतिक म्हणाला. तिनं मानलं. पाच उन्हाळे तिनं डोक्यावरून त्या देवाचं आसन बाहेर काढून नेलं आणि वांग्यांना घातलं.

गेल्या वर्षी ज्येष्ठात बांधणीला भेग दिसली, बरोबर देवाच्या वर, बोट जाईल एवढी. कौतिक म्हणाला, ही तुझ्या नारळाची भेग. ती म्हणाली, मला ह्या दगडात आणलं कुणी? त्यावर तो जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्यावर ती जे बोलली ते तर नाहीच. तेव्हापासून मध्ये सोन्या.

सत्त्याऐंशीचा वैशाख. पावसानं ओढ देण्याचं तिसरं वर्ष. आखाजी होऊन आठ दिवस झाले होते, देवाचा शेंदूर अजून ओला असल्यासारखा चमकत होता. कौतिक सकाळी गाळ काढायला विहिरीत उतरला. चाकावर शेजारचा अभिमन होता, जाडजूड, हसरा, पहेलवानकी सोडून पोट राखलेला. भिकुबाई काठावर बादली घ्यायला. दोराच्या एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला बायको, आणि मधे बैलाच्या जागी मी, असं म्हणून अभिमन हसला, आणि त्याचं हसू संपायच्या आत खालून आवाज आला.

फार मोठा आवाज नव्हता. पोत्यावर पोतं पडावं तसा. मग बारीक खडे पाण्यात पडत राहिले, बराच वेळ.

धुरळा बसल्यावर भिकुबाईला दिसलं ते असं. देवाच्या अंगावरून गादीएवढा जाड एक थर सुटून खाली घसरला होता, शेंदरासकट. त्याच्याखाली गाळात कौतिक कमरेपासून दाबला गेला होता, अर्धवट बसल्यासारखा, पाठ समोरच्या भिंतीला. देव स्वतः विहिरीत झुकला होता. आणि त्याच्यावर बांधणीचे तीन थर कशावरच नव्हते. तिथून पलीकडचा पिवळा मुरूम दिसत होता.

"अहो," भिकुबाई म्हणाली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

खालून आवाज आला, अगदी सरळ तिच्याशीच. "वरच थांब. उतरू नको."

गाव जमायला वेळ लागला नाही. कुणी राजदूत फटफटी काढून धुळ्याला निघालं, क्रेन आणतो म्हणून. अभिमननं घण आणवला, दोन पहारी आणवल्या, कासरे आणवले. कुणी म्हणालं, आधी इंजिन लावून पाणी उपसा, कारण झरा चालू होता आणि सकाळचा उपसा झाला नव्हता. पाणी तासाला चार बोटं चढत होतं. अशा वेळी शहाणपणाला काय तोटा. काठावर माणसांचं कडं झालं, आणि त्यांच्या पायांखालून एक दगड सुटून कौतिकच्या डोक्याजवळून पाण्यात गेला.

तेवढ्यात उखर्डूला बैलगाडीतून आणलं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू होता. जमीन पायानं चाचपत तो आला आणि पहिलं काम त्यानं हे केलं, की सगळ्यांना तीस पावलं मागं हाकललं, शिव्या देऊन. मग काठावर पोटावर झोपला आणि भिकुबाईला शेजारी झोपायला सांगितलं.

"मन्हा डोया गयात," तो म्हणाला. "तू सांग. काय दिखस?"

तिनं सांगितलं. देव किती झुकलाय, कौतिकवर पडलेला थर केवढा, कुठं टेकलाय. तुटलेल्या बाजूनं कसा दिसतो, असं म्हाताऱ्यानं विचारलं. तिनं डोळे बारीक केले. तिला शब्द सापडेना, आणि मग यावलचाच सापडला.

"केयीच्या खांबासारखा," ती म्हणाली. "आडवा कापल्यावर दिसते तसा. सोपटावर सोपट."

म्हाताऱ्यानं मग सांगितलं, ते सगळं एका दमात सांगितलं. घण मारायचा नाही, त्या हादऱ्यानं देव येईल. पहारीनं उचलायचा नाही, कारण खालचा थर आता देवाला टेकू झालाय, तो एकदम हलला की वरचा गडगडला. इंजिनाची तर धडधडसुद्धा नको, आणि बादल्या ओढायला काठावर माणसंही नकोत. क्रेन आली तर तिला रस्त्यावरच थांबवा. जो दगड सोपटासारखा सुटलाय तो सोपटासारखाच सोलायचा, हातानं, एकेक पापुद्रा, कौतिकच्या बाजूनं. देवाच्या बाजूचा भाग तसाच ठेवायचा.

"जो हलका व्हई आनि घाई नही करी, तो उतरी."

अभिमन सगळ्यात आधी पुढं झाला, आणि उखर्डूनं त्याच्या पोटाला हात लावून त्याला मागं सारलं. बाकीच्यांनी आपापले पाय बघितले. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी होतं.

भिकुबाईनं कासोटा घट्ट केला. कंबरेला खुरपं खोचलं. घराकडे कुणाला तरी पळवून चुलीजवळचं भाकरीचं उलथणं मागवलं, ते दुसऱ्या बाजूला खोचलं. पश्चिमेच्या अंगाला बांधणीतून पुढं काढलेले पायरीचे दगड होते, त्यांवरून ती उतरली. दर आखाजीला उतरायची तशीच, फक्त ह्या वेळी हातात तबक नव्हतं.

खाली गारवा होता. इतका, की क्षणभर तिला बरं वाटलं आणि मग त्याची लाज वाटली. कौतिकचं तोंड राखेसारखं झालं होतं. पाणी त्याच्या बेंबीच्या वर होतं.

"सांगेल होतं ना, उतरू नको म्हनून," तो म्हणाला.

"सोन्याले सांगायचं होतं," ती म्हणाली.

तो थर जवळून बघितला तर त्याच्यावर तिच्याच चार बोटांचा शेंदूर होता. खुरप्याचं टोक टेकवताना तिचा हात थांबला. सहा वर्षं ह्याला लोखंड लागलं नव्हतं. तिनं मनातल्या मनात काहीतरी म्हटलं, ते माफीचं होतं की शिवीचं हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं, आणि खुरपं पापुद्र्याच्या फटीत घातलं.

पहिला पापुद्रा निघाला. तव्यावरच्या भाकरीखाली उलथणं सरकवावं तसं सरकवायचं, हलकंच उचलायचं, आणि हातात घेऊन बाजूला पाण्यात सोडायचं. तीळभरही आपटायचं नाही. दुसरा निघाला. तिसरा अडला. वरून उखर्डू म्हणाला, पाणी मार. तिनं ओंजळ भरून मारली, आणि खरंच, कोरडा होता तोवर कडक वाटणारा तो थर ओला झाल्यावर चुरा होऊन हातात आला. तिला हुरूप आला. तिनं ओंजळीवर ओंजळी मारल्या.

मग तिला शेजारून आवाज ऐकू आला. जात्यातून पीठ गळावं तसा. देवाच्या खालून, त्याच्या आसनातून, ओला मुरूम गळत होता. तिनं मारलेलं पाणी थरावरून ओघळून देवाच्या पायाशी चाललं होतं.

तिनं वर सांगितलं. वरून कुणी काही सांगायच्या आत तिचं तिलाच कळलं. पाणी मारावं तर देव येणार. न मारावं तर थर निघणार नाही, आणि पाणी असंही खालून चढतच होतं. ते तर कुणाला विचारत नव्हतं.

"जाय वर," कौतिक म्हणाला. "सुनंदाले कोनीतरी एक पाहिजे."

तिनं ऐकलंच नाही असं केलं. अकरा महिन्यांची सवय होती. तिनं लुगड्याचा पदर टरकावला, पाण्यात बुडवला, चांगला पिळला, आणि पापुद्र्यावर पोटीस लावल्यासारखा बसवला. सर्दी झालेल्या पोराच्या छातीवर बसवतात तसा. शंभर आकडे मोजले. काढला. पापुद्रा मऊ झाला होता आणि एक थेंब खाली ओघळला नव्हता.

वेळ मात्र तिप्पट लागायचा. पदर, शंभर आकडे, उलथणं. पदर, शंभर आकडे, उलथणं. ऊन विहिरीत सरळ उतरलं, देवाच्या अंगावर आलं, पलीकडे गेलं. तिच्या उजव्या हाताची दोन नखं कधी गेली ते तिला कळलं नाही. पाणी लाल दिसलं तेव्हा तिला आधी वाटलं, शेंदूर. कौतिकच्या छातीपर्यंत पाणी आलं आणि तो मधूनच डोळे मिटायला लागला. झोपू देऊ नको, वरून उखर्डूचा निरोप आला, बोलत राहा. बोलायचं काय, हा प्रश्न होता. अकरा महिन्यांत दोघांची सवय मोडली होती.

"नारय मी फोडेल होता," ती शेवटी म्हणाली. पदर दाबून धरलेला, नजर पदरावर. "म्हाताऱ्यानं आठ दिवस मांगेल होते. तुम्ही देत होते. म्या मुद्दाम फोडला, तो जेवाले गेला तंव्हा."

"मले माहीत आहे."

"माहीत आहे म्हने. टोपल्याचा कटाया आला होता मले. देव-बीव काही नव्हतं माह्या मनात. देवाचं नाव पुढं केलं."

कौतिक झोपला असं वाटून तिनं दचकून वर बघितलं, तर तो तिच्याकडेच बघत होता.

"त्या दिशी संध्याकायी," तो म्हणाला, "तू घरी गेली, अन् मी परत उतरलो. पहारीनं ठोकून पाह्यला. एका जागी ठन्न वाजला. दोन हात सरकलो तर बद्द वाजला."

तिचे शंभर आकडे होऊन गेले होते. तिनं पदर काढला नाही.

"मंग बोलले काऊन नाही?"

"थकेल होतो," कौतिक म्हणाला. "अन् नारय तर तू फोडेल होता. बरं झालं, म्हनलं. उद्या काही झालं तर तुह्या नावावर."

भिकुबाईला राग यायला हवा होता. अकरा महिने ती ज्या एका वाक्यासाठी जळत होती ते वाक्य तिला मिळालं होतं, पण ते असल्या जागी मिळालं की घेऊन ठेवायला हातही मोकळे नव्हते. तिनं पदर काढला, उलथणं सरकवलं, पापुद्रा पाण्यात सोडला. "आता उतरवा ते नाव, माह्या डोक्यावरून," एवढंच ती म्हणाली, आणि कौतिकच्या तोंडातून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की कण्हण्याचा, हे तिनं विचारलं नाही.

उन्हं कलली तेव्हा त्याचा उजवा पाय मोकळा झाला. पाणी गळ्याशी होतं. डाव्या पायावरचे, पाण्याखाली आता आपोआप भिजलेले पापुद्रे तिनं भराभर नाही, पण न थांबता काढले, आणि मग उलथणं खटकन वाजलं. तिनं हात बुडवून चाचपलं. पापुद्रा नव्हता. फट नव्हती. गार, गुळगुळीत, बाजरीच्या दाण्याचासुद्धा खडबडीतपणा नाही.

"काय दिखस?" वरून.

"गाभा लागला," ती म्हणाली. "नुसता दगड. मऊच होत नाही."

वर उखर्डूनं कपाळ काठाच्या दगडावर टेकवलं. सोलता येतं ते पाण्यानं आधीच कुजवलेलं असतं म्हणून. गाभ्यापर्यंत पाणी पोचलेलं नव्हतं. त्याला अजून काही हजार वर्षं लागणार होती, आणि इथं घटकाभर उरली होती.

तिनं गाभ्याच्या खाली, गाळात हात घातला. पायाच्या खालून उकरलं. पोटरी सुटली, घोट्याच्या खाली मात्र पाऊल एका बाजूला गाभा आणि दुसऱ्या बाजूला खालचा जित्ता खडक, ह्यांच्यामध्ये असं चेपलं होतं की त्याला पाऊल म्हणावं असा आकार तिच्या बोटांना लागला नाही. तिनं हात बाहेर काढला. कौतिकनं तिचं तोंड वाचलं. तीस वर्षांच्या संसारात तेवढं येतं.

"दोर मांग," तो म्हणाला.

दोर आला. तिनं तो त्याच्या काखेतून घेतला, दोन वेढे, पुढं गाठ. पाणी त्याच्या हनुवटीला लागत होतं. वरून उखर्डूचा आवाज आला.

"आते ओढनं पडी, माय. एकच डाव. तू म्हनशी तवय."

तिनं कौतिकच्या तोंडात पदराचा बोळा दिला. त्यानं दातात धरला. ती त्याच्या पायाशी पाण्याखाली गेली, दोन्ही हातांनी त्याची पोटरी धरली, डोकं वर काढलं आणि म्हणाली, ओढा.

वर आठ माणसं होती. पाण्याखाली तिच्या हातांत जे झालं ते तिनं पुढं कुणाला सांगितलं नाही, सुनंदालासुद्धा नाही. कौतिक तिच्या डोक्यावरून वर गेला, हेलकावत, पाणी आणि रक्त गाळत, आणि त्याच्या मागं ती एकटी राहिली. त्याला काठावर घेतल्याचा गलबला झाला. मग तिला जात्याचा आवाज परत ऐकू आला, आता जाडा दळल्यासारखा. देव आणि बांधणी ह्यांच्यामध्ये उजेडाची एक रेघ होती. ती बघता बघता दोरीएवढी झाली.

"सावकास चढ," उखर्डू ओरडला. "पाय नको आपटू."

ती सावकाश चढली. अर्ध्यावर तिनं एकदा वळून बघितलं. अर्धा शेंदूर, अर्धा सोललेला, असा देव तिच्याकडे झुकून उभा होता. सवयीनं हात जोडायला गेली, पण दोन्ही हात पायरीच्या दगडांत होते. राहिलं ते राहिलंच.

धुळ्याच्या दवाखान्यात कौतिकचा डावा पाय घोट्याच्या वर कापला. भिकुबाईच्या दोन्ही हातांना बोटांपासून मनगटापर्यंत पांढरे बोळे गुंडाळले आणि महिनाभर पाण्यात घालायचे नाहीत असं सांगितलं. लग्नापासून पहिल्यांदा तिला असं कुणी सांगत होतं.

तिसऱ्या दिवशी अभिमन आला. गावातल्या शेजारणीनं बांधून दिलेल्या भाकरी आणि शेवेची भाजी त्यानं खाटेखाली ठेवली, कौतिक झोपलाय हे बघितलं, आणि भिकुबाईला व्हरांड्यात बोलावून सांगितलं. काल दुपारी विहीर बसली. जवळ कुणी नव्हतं. ट्रकभर खडी ओतावी तसा आवाज झाला आणि गाव पळत गेलं तर खड्डा निम्म्यावर भरला होता. बांधणीचा दगड न् दगड आत. त्या सगळ्याच्या वर देवाचा उरलेला निळा गाभा, उखळाएवढा, गोल.

गावात दोन तट पडले होते. केळीवालीनं देवाला लोखंड लावलं म्हणून विहीर गेली, असं निम्मे म्हणत होते. ती वर येईपर्यंत देवानं धरून ठेवली, असं बाकीचे. उखर्डूला विचारलं तर तो म्हणे की दगडाला ह्यातलं काही माहीत नाही. अभिमननं तेही सांगितलं, मग तिच्या बांधलेल्या हातांकडे बघितलं, टोपी नीट केली आणि एस्टीची वेळ झाली म्हणून गेला.

ती व्हरांड्यात उभी राहिली. आठ बिघे. एक पाय. दोन हात, तेही महिनाभर नाहीत. यावलला परत जायला तिथं आता वीतभर जागा नव्हती, आणि बोरदऱ्यात आता पाण्याचा थेंब नव्हता. ती हिशेब करत राहिली आणि प्रत्येक वेळी तो विहिरीशी येऊन बुडाला. शेवटी ती आत गेली.

कौतिक जागा होता. छताकडे बघत होता. तिची चाहूल लागली तशी त्यानं मान वळवली, पण तिच्याकडे नाही. वर टांगलेल्या सलाईनच्या बाटलीकडे.

"हिले ईचार बरं," तो बाटलीला म्हणाला, "सकायपासून काही खाल्लं का."

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं बाटलीकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. भिकुबाईनं आपले दोन्ही पांढरे बोळे वर करून बाटलीला दाखवले. घास धरता येत नव्हता.

कौतिकनं खाटेखाली हात घातला. सुई नसलेला हात. भाकरी काढली, छातीवर ठेवली, एका हातानं मोडता मोडता तिचे निम्मे तुकडे चादरीवर सांडले. एक तुकडा भाजीत बुडवला आणि पुढं केला. सगळा वॉर्ड बघत होता. भिकुबाईनं इकडं तिकडं बघितलं, वाकली, आणि तोंड उघडलं. शेवेची भाजी तिच्या हनुवटीवर सांडली, ती त्यानं अंगठ्यानं पुसली.

"विहीर उभी आहे ना?" त्यानं विचारलं. बाटलीला नाही, तिला.

तोंडात घास असताना बोलू नये, असं तिला लहानपणी शिकवलं होतं. भिकुबाई चावत राहिली. सावकाश, जितकं सावकाश चावता येईल तितकं.